रामनदीच्या काठावरचे रविवार

रविवार, 9 जून 2024
काल पुण्यात धो धो कोसळला. ओल्या मातीतून मुळं सहज निघतात, म्हणून सकाळी साडेसहालाच आमच्या गटातले नऊ जण पाषाणच्या पुढे नदीवर हजर. आज घाणेरी काढायची. ती जमिनीलगत छाटली की दुप्पट जोमानं फुटते, हे शिकायला आमची दोन वर्षं गेली. आता दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी सांगितलेली पद्धत वापरतो. माती उकरायची, खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्याच्या खाली कुदळीचा घाव घालायचा आणि निघालेला बुंधा मुळं वर करून ठेवायचा.

तिसऱ्या जाळीपाशी गटातल्या एका काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आत लालबुड्या बुलबुलाचं घरटं. वाटीएवढं, आणि त्यात चोची वासलेली तीन पिल्लं. ती जाळी तशीच ठेवली, फांदीला लाल फडकं बांधलं. घाणेरीची फळं खाऊन तिचं बी पसरवणाराही बुलबुलच. पण घरट्याला दुसरं झुडूप आहे कुठे? काठ एकदम बोडका करायचा नाही असं ठरलं. निर्गुडी, करवंद जिथे धरली असेल, तिथलीच घाणेरी आधी काढायची.

रविवार, 23 जून
एका कंपनीची मंडळी आली होती. उत्साह खरा होता, खड्डेही त्यांनी मन लावून खणले. पण रोपं गुलमोहराची, आणि खड्डे थेट पात्रात! गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो मुळात या काठाचा नाही, आणि पात्रात तर कोणतंच उंच झाड लावू नये. पुरात ते वाहतं, पुढच्या पुलाखाली अडकतं. आमच्यातल्या एका ताईंनी सगळ्यांना पाण्याकाठी नेऊन उतरंड दाखवली. पाण्यात पाय बुडवून लव्हाळा आणि शेरणी, त्यांच्या वर वाळुंज आणि पाणजांभूळ, मग उंबर, करंज, अर्जुन. आंबा-वडाची जागा आणखी वर. लोकांनी ऐकलं. गुलमोहर गाडीत परत गेले आणि तीच मंडळी नऊ वाजेपर्यंत आमच्याबरोबर गाजरगवत उपटत होती. फुलावर येण्याआधी उपटलं तरच उपयोग, आणि हातमोजे हवेतच, नाहीतर अंगभर खाज.

गुरुवार, 25 जुलै
रात्रभर पाऊस. शहरात जागोजागी घरांत पाणी शिरलंय. आज कुणीही नदीकडे जायचं नाही, असा गटावर निरोप टाकला.

रविवार, 28 जुलै
पाणी ओसरलं. काठावर पाय ठेवला आणि पोटात कालवलं. गेल्या वर्षीची करंजं आडवी, कुंपणाची जाळी प्लास्टिकनं गच्च भरलेली. बराच वेळ कुणी बोललं नाही.
शेरणी मात्र जागेवर होती. सगळी झुडपं प्रवाहाच्या दिशेनं झोपलेली, पानांवर गाळाचा थर, पण मुळं दगडांच्या फटीत घट्ट. एक फांदी हातात घेऊन वाकवली, वेतासारखी लवली, मोडली नाही. तिच्यामागची हातभर रुंद मातीही शाबूत होती. चार पावलांवर, जिथे काहीच लावलं नव्हतं, तिथे काठ कापून गेला होता. तिथेच वाळुंजाच्या मनगटाएवढ्या फांद्या तिरक्या खोचून आलो. ओल्या चिखलात ती काडीपासूनही जगते.

रविवार, 13 ऑक्टोबर
खोचलेल्या वाळुंजांपैकी बहुतेक फुटल्या! पानाची खालची बाजू पांढुरकी, वाऱ्यावर चमकते. म्हशी घेऊन येणाऱ्या मावशींनी लांबूनच झाड ओळखलं. "वाळुंज व्हय? आमचा म्हातारा ह्याच्या फोकांच्या पाट्या विणायचा." आजवर त्यांच्या म्हशी आमची रोपं खातात म्हणून आम्ही कुरकुरत होतो. आज पहिल्यांदा बसून बोललो. म्हशी पलीकडच्या उतारानं पाण्यावर न्यायच्या, असं त्यांनीच सुचवलं. हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं. खाटपेवाडीजवळ उगम पावून मुळेला मिळेपर्यंत या नदीला किती गावं लागतात! तिथल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय काठावर काय लावायचं, हे ठरवूच नये.

रविवार, 20 एप्रिल 2025
ऊन सातलाच चटका देतंय. आज आम्ही चौघंच. जूनमध्ये खड्डे खणायला पन्नास हात येतात. रोपं मरतात ती आत्ता. वरच्या टप्प्यातल्या अर्जुनांना आळी केली, पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, प्रत्येकी पाच लिटर पाणी दिलं. लाल फडक्याची घाणेरी अजून उभी आहे, आणि शेजारची निर्गुडी आता तिच्या खांद्याला लागलीय.
ज्यांना यायचंय त्यांनी पावसाची वाट पाहू नका. पाच लिटरचा कॅन घ्या आणि येत्या रविवारी या.