पाठीमागचा आवाज

मोटारीच्या पाठीमागून ‘ठक्’ असा आवाज येऊं लागला कीं तींत बसलेल्या प्रत्येक मनुष्यास एकाएकीं यंत्रशास्त्राचें ज्ञान होतें. कोणी म्हणतो डिकींतला जॅक सैल झाला, कोणी म्हणतो शॉकअप गेला. आणि मागच्या बैठकीवरील पाहुणे तर आवाज नेमका आपल्याच खालून येतो असें शपथेवर सांगतात. ते खोटें बोलत नसतात. पण पोलादी सांगाड्यांत आवाज एका कोपऱ्यांत जन्मतो आणि दुसऱ्या कोपऱ्यांत ऐकूं येतो. म्हणून केवळ कानाच्या साक्षीवर कोणत्याही भागास शिक्षा ठोठावणें धोक्याचें.

आमच्या घरची अँबॅसडर वडिलांनीं घेतलेली. तिचें उत्पादन उत्तरपाडा येथें २०१४ सालीं थांबलें, त्यामुळें तिचे मोठे भाग आतां जुन्या बाजारांत शोधावे लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी निघतांना मागें ठोका पडूं लागला. एका वर्कशॉपनें दोन मिनिटें गाडी फिरवून ‘डिफरन्शियल गेला’ असा निकाल दिला. घरांतील तरुण मंडळींनीं लगेच गाडी मोडींत काढण्याचा विषय मोठ्या उत्साहानें पुढें आणला. वडील कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून त्यांनीं गाडीवरची धूळ पुसणें बंद केलें.

शेवटीं साताऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. आमचें लांबलचक वर्णन मध्येंच तोडून ते म्हणाले, “साहेब, कुठनं येतोय ते ऱ्हाऊ द्या. कवा येतोय, तेवढंच सांगा.”

प्रश्न मार्मिक होता. ह्या जातीच्या गाडींत मागचा ऍक्सल दोन कमानपाट्यांवर यू-बोल्टांनीं आवळलेला असतो. पाटे गाडीचा भार वाहतात, चाकांचा रेटा गाडीपर्यंत पोंचवितात, आणि ऍक्सल उलटा पिळूं पाहतो त्यालाही आवरतात. एकाच गड्यावर मोट आणि राखण दोन्ही सोंपवावीं तसा हा प्रकार! त्यामुळें पाट्यांचें दुखणें डिफरन्शियलचें सोंग घेऊन येऊं शकतें. ठोका फक्त खड्ड्यावरच पडत असेल तर शॅकलचे बुश आणि शॉकअपचीं टोकें आधीं पाहावीं. क्लच सोडतांच पडत असेल तर संशयित तीन: प्रोपेलर शाफ्टचा सांधा, क्राउन-पिनियनचे दाते, आणि सैल यू-बोल्टांमुळें पाट्यावर सरकणारा ऍक्सल. आमचा ठोका निघतांना पडे, मागें घेतांना पडे, आणि खंबाटकी उतरतांना क्लच दाबून ब्रेक लावला तरीही पडे. क्लच दाबला म्हणजे इंजिनाचा जोर शाफ्टपर्यंत जातच नाहीं. तेव्हां हा तिसरा ठोका एकट्या दात्यांचा असणें कठीण.

गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्रींनीं शाफ्ट हातानें पिळला तसा सांध्याचा क्रॉस करकरला. त्याच्या टोप्यांभोंवतीं तांबूस भुकटी जमली होती, म्हणजे आंतलें ग्रीस केव्हांच वाळलें होतें. ह्या सांध्यास युरोपांत ज्याचें नांव मिळालें तो कार्दानो (१५०१–१५७६) व्यवसायानें वैद्य होता, हें त्या खड्ड्यांत उभे असतांना आम्हांस आठवलें आणि उगीच बरें वाटलें. मग पोऱ्यास आंत बसवून, ब्रेक दाबून, पहिला गिअर आणि रिव्हर्स आळीपाळीनें हलकेच टाकावयास सांगितले. डावीकडचा ऍक्सल पाट्यावर बोटाच्या नखाएवढा सरकतांना स्पष्ट दिसला. तेथें घासून चकाकणारी रेघही उमटली होती. डिफरन्शियलची पाळी शेवटीं आली. चाकें उचलून, शाफ्ट मागेंपुढें हलवून मिस्त्री म्हणाले, “दात्यांना एवढी मोकळीक लागतीच.”

हल्लीं एकामागून एक भाग बदलीत जावें आणि आवाज थांबला कीं शेवटच्या भागास गुन्हेगार ठरवावें, अशी रीत रूढ झाली आहे. तींत मालकाचा पैसा जातो. पण सैल यू-बोल्ट मात्र घाटांतल्या उतारावर तसाच राहूं शकतो, आणि तो पैशापेक्षां अधिक मागतो.

नवा क्रॉस बसला, चारही यू-बोल्ट नवे घातले. पांचशें किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या, नवे बोल्ट जरा ताणतात, असें मिस्त्रींनीं बजावलें. घरीं आल्यावर वडिलांनीं मीटरवरचा आंकडा पाहिला, त्यांत पांचशें मिळविले, आणि बेरीज भिंतीवरच्या पंचांगाच्या कडेला पेन्सिलीनें लिहून ठेविली.