मातीचा कागद

आमच्या लोणीच्या ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती. खारकेची ही रानटी बहीण. तिच्या पानांच्या केरसुण्या घरोघर असायच्या. आई म्हणायची, "तिला कोण खत घालतंय? तरी बघ कशी उभी हाये."

दादा चिडायचे. "शिंदी काय बाजारात न्यायचीय? डाळिंबाचं तसं नसतं."

आंबेगाव तालुक्याचा आमचा हा पूर्वेकडचा भाग कोरडवाहू. विहिरीच्या पाण्यावर दादांनी डाळिंबाची तीनशे झाडं जगवली होती. तिसऱ्या वर्षी कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानात विचारलं तर एक गोणी डीएपी मिळाली. पुढच्या महिन्यात आणखी एक. शेजारी जे घालील ते आम्हीही घालायचो. उधारी वाढली आणि आईची बोरमाळ सोनाराकडे गहाण पडली. पानं मात्र पिवळीच.

शेवटी मी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या ताईंनी आधी माती घ्यायला शिकवलं. बांधाजवळची नको, उकिरड्याजवळची नको, नुकतं खत टाकलेल्या जागेची नको. आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे. वरच्या फुटाची माती वेगळी, खालच्या फुटाची वेगळी. लोह-जस्त तपासायचं असेल तर माती लाकडी काठीनं खरवडायची. मग ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची.

कागद आला. सामू ८.४, चुनखडी भरपूर, स्फुरद आधीच जास्त, लोह कमी. ताई म्हणाल्या, "रानात लोह अगदीच नाही असं नाही, पण चुन्यानं ते कोंडून ठेवलंय. वरून स्फुरद ओतलं की मुळांना आणखी अवघड."

त्यांनी हिशेबही मांडून दिला. पाच वर्षांच्या पुढच्या झाडाला विद्यापीठाची शिफारस ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद, २५० ग्रॅम पालाश. युरियात नत्र शेकडा ४६, म्हणजे ६२५ ग्रॅमला साधारण १ किलो ३६० ग्रॅम युरिया. तोही एकदम नाही, हप्त्यानं. ही झाली सर्वसाधारण मात्रा. झाडाचं वय आणि मातीचा अहवाल बघून ती कमी-जास्त करायची.

रात्री दादांनी कागद बोट ठेवून वाचला. दोनदा.

"म्हंजी तीन वर्सं मी काय घालत व्हतो?"

कुणी उत्तर दिलं नाही. आई चुलीतली लाकडं सारत राहिली.

डीएपी बंद केलं. शेणखत वाढवलं, चिलेटेड लोह फवारलं, पाणी बेतानं सोडलं. जुनी पानं तशीच राहिली, पण नवी फूट हिरवी आली. बोरमाळ सुटायला मात्र आणखी दोन बहार गेले. त्यातला एक तेल्यानं खाल्ला; त्यावर कुठलाच कागद चालला नाही.

दादा आता थकलेत. तरी बहार धरण्याआधी काठी घेऊन रानात जातात, वाकून माती खरवडतात. कुणी बांधावरून विचारलं, "दादा, औंदा कोणतं खत घालू?" तर ते दुकानाचं नाव सांगत नाहीत.

"आधी माती दावली का?" एवढंच विचारतात.