मोळियसीवकांना पत्र

आदरणीय मोळियसीवक,


राजगृहाच्या वेळुवनात तुम्ही बुद्धांना भेटलात आणि आडपडदा न ठेवता विचारलंत : काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणसाच्या वाट्याला येणारं सुख-दुःख सगळं पूर्वकर्मामुळेच, यावर गौतमांचं काय म्हणणं आहे? हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत, कारण आमच्याकडे तो अजून मिटलेला नाही.

कुणाला अर्धांगवायू झाला, एखादं मूल अपंग जन्मलं, की भेटायला आलेल्यांपैकी एक जण तरी म्हणतोच, ‘मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण खाटेवरचा माणूस ते ऐकत असतो. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेननं १८७३ साली शोधला, रोग बरा करणारी औषधं आली, तरीही अंगावरचा चट्टा लपवणारी माणसं आहेत. हे पापाचं फळ आहे, असं त्यांना लहानपणापासून ऐकवलेलं असतं.

तुम्हाला मिळालेलं उत्तर संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी आठ कारणं सांगितली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूतला बदल, शरीराची नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक. पहिली सात कुठल्याही वैद्याच्या तोंडी शोभतील अशी आहेत.

मला मात्र यादीपेक्षा त्यांचा युक्तिवाद मोठा वाटतो. पित्तानं त्रास होतो हे माणसाला स्वतःला कळतं आणि जगही ते खरं मानतं. मग ‘सगळं पूर्वकर्मामुळेच’ म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्याही. म्हणून त्यांचं म्हणणं चूक, असं बुद्धांनी स्पष्ट सांगितलं. आधी जे दिसतं, कळतं, ते तपासा. ते ऐकून तुम्ही उपासक झालात.

आठवं कारण मी झाकून ठेवत नाही. मज्झिम निकायातल्या चूळकम्मविभंग सुत्तात, प्राण्यांना इजा करणारा पुढच्या जन्मी रोगट होतो, असं म्हटलेलंच आहे. पण कर्माचं फळ नेमकं कसं मिळतं, याचा खल करत बसू नये, असंही बुद्धांनीच सांगितलं. मग समोरच्या रोग्याचा आजार आठव्याच कारणानं झाला, हे ठरवण्याचा अधिकार शेजाऱ्याला कुठून आला? मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेनांनीही मिलिंद राजाला हेच सांगितलं : सगळ्या वेदना कर्मातून येत नाहीत.

विनयपिटकातला एक प्रसंग तर प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लिहावा. एक भिक्खू हगवणीनं स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. का, असं बुद्धांनी विचारल्यावर तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी शिष्य आनंदांकडून पाणी आणवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. मग एकानं डोक्याकडून, दुसऱ्यानं पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवलं. त्याच्या गेल्या जन्माची चौकशी नाही. नंतर संघाला बजावलं : तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्यानं आजाऱ्याची करावी.

बाबासाहेबांनी मधुमेहानं खंगलेल्या शरीरानिशी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पूर्ण केला. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात आला. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त त्यांनी त्यात ठामपणे नाकारला, कारण गरिबांच्या दुरवस्थेची जबाबदारी टाळायला राज्याला आणि समाजाला त्याचाच आधार मिळतो. आजाराच्या बाबतीत हे मला पदोपदी पटतं. दूषित पाण्यानं गावभर हगवण लागली, गटारात उतरलेल्या कामगाराचा श्वास कोंडला, तर ते भोग कसले? तो नळाच्या आणि गटाराच्या व्यवस्थेचा दोष आहे. ‘भोग’ म्हटलं की जाब विचारायला कुणी उरतच नाही.

सीवक, तुमच्या निमित्तानं हे वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती : आजाऱ्याला भेटायला गेलात तर मागच्या जन्माचं नाव काढू नका. औषध आणायचं आहे का, रात्री सोबतीला कोण थांबणार, एवढं विचारा. आणि कुणी थांबणारं नसेल तर तुम्ही थांबा.

तुमची,
एक उपासिका