पाकळ्या बाजूला काढा

जास्मिन टीचा डबा उघडला की बहुतेक गिऱ्हाईक आधी पाकळ्या शोधतं. पांढऱ्या पाकळ्या भरपूर दिसल्या की माल चांगला, असा हिशोब असतो. आम्ही चहा चाखणारी माणसं नेमकं उलट करतो. नमुना समोर आला की त्यातल्या पाकळ्या, देठ, वाळक्या कळ्या निवडून काढायच्या, मग ३ ग्रॅम पत्ती तोलून तिच्यावर १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतायचं. पहिल्यांदा ३ मिनिटं, मग त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा ५ मिनिटं. चीनमध्ये या चहाच्या परीक्षणाची ठरलेली रीत हीच आहे. पहिल्या पाण्यात वास किती ताजा आणि निर्मळ आहे ते कळतं, दुसऱ्यात तो पत्तीत किती मुरलाय ते. माझ्या मते चहाची खरी प्रत दुसऱ्या पाण्यातच ठरते.

चिनी जास्मिन चहातलं फूल म्हणजे आपला मोगरा. जाई, जुई, चमेली ही त्याचीच भावंडं, पण या चहाला मोगराच लागतो. आपल्याकडच्या मुलखातून तो फार पूर्वी दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर पोचला आणि फूच्येन प्रांतातल्या फूचौ शहराभोवती, मिन नदीच्या काठच्या गाळात रुजला. वरच्या डोंगरात चहा, खाली नदीकाठी मोगरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथला सुगंधी चहा मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडे, पेकिंगला जाऊ लागला. फूचौच्या या शेतीपद्धतीची संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद केली. आज मात्र सर्वांत जास्त फूल पिकतं ते क्वांगशी प्रदेशातल्या हंगचौला. (लाँगजिंग चहाचं हांगचौ वेगळं.)

चहा वसंतातला आणि फूल उन्हाळ्यातलं, ही या धंद्यातली पहिली अडचण. वसंतात खुडलेली कोवळी पत्ती हिरवी राखून वाळवतात आणि ती मोगऱ्याची वाट बघत कोरडी पडून असते. कडक उन्हाच्या दिवसांतली फुलं सगळ्यांत जोरकस. पावसात भिजलेली कळी चांगला कारखानदार घेत नाही.

जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा पहाटे तोडून दादरच्या बाजाराला धाडतात, कारण गजऱ्याला संध्याकाळपर्यंत मिटलेली कळी हवी. चहासाठी खुडणी दुपारच्या उन्हात होते. त्याच रात्री उमलणारी, टपोरी, दुधासारखी पांढरी कळीच तेवढी निवडतात. मोगरा आपला वास साठवून ठेवत नाही. उमलताना तो तयार होतो आणि लगेच हवेत जातो. म्हणून सगळं काम रात्रीचं. अंधार पडल्यावर कळ्या उघडू लागतात, पाकळ्या वाघाच्या पंजासारख्या अर्ध्या फाकल्या की मिटलेल्या कळ्या चाळून काढतात आणि फुलं पत्तीत कालवून रास घालतात.

त्या राशीत कोपरापर्यंत हात घातला की चटका बसावा इतकी ऊब लागते. फुलं जिवंत असतात, श्वास घेतात, घामेजतात. कोरडी पत्ती त्यांची ओल आणि ओलीबरोबर वास ओढून घेते. उष्णता चाळीस अंशांच्या वर चढत गेली की रास मोडून पसरावी लागते, नाहीतर फुलं शिजतात आणि चहाला उबट वास लागतो. निवली की पुन्हा रास. सकाळी मरगळलेली, पिवळट फुलं चाळून टाकतात आणि ओलसर पत्ती भट्टीवर सुकवतात. इथे कारागिराचा कस लागतो: आच कमी पडली तर चहा टिकत नाही, जास्त झाली तर रात्रभर कमावलेला सुगंध उडून जातो. हे झालं एक पुट. जौनपूरकडे चमेलीच्या तेलासाठी तिळांवर फुलांचे थर देत, त्यामागचं तत्त्व हेच.

साध्या चहाला एकदोन पुटं मिळतात, उत्तम चहाला पाचसहा, क्वचित नऊ. शेवटी थोडी ताजी फुलं घालून काढतात आणि त्यानंतर पत्ती सुकवत नाहीत. नाकाला पहिल्यांदा जाणवतो तो टवटवीतपणा या शेवटच्या हाताचा. काही जण सुरुवातीला पांढऱ्या सोनचाफ्याची थोडी फुलं घालून पाया बळकट करतात. ते चालतं, पण कपात चाफा वेगळा ओळखू आला की तो दोष.

आता प्रकार. हाताने वळलेले मोत्यासारखे गोळे दिसायला देखणे असतात आणि पाण्यात हळूहळू उलगडतात, त्यामुळे वासही सावकाश सुटतो. लवदार कोंबांचा रुपेरी सुईसारखा चहा फार नाजूक. त्याला ८० ते ८५ अंशांचं पाणी पुरे, आणि ज्याला चहाचा कडकपणा हवा त्याने तो घेऊच नये. सेचुआनमधला 'बीथान फ्याओश्वे' हा पाकळ्यांच्या बाबतीतला खरा अपवाद. तिथे झाकणाच्या कपात हिरव्या पाण्यावर पाकळ्या तरंगताना बघायच्या असतात, म्हणून त्या मुद्दाम ठेवतात. पेकिंगकरांचा जीव मात्र कडक चहावर. १८८७ चं वू युताय आणि १९०० चं चांग यीयुआन ही तिथली जुनी दुकानं याच चहावर मोठी झाली. चांगल्या प्रतींचा चुरा तिथे वेगळा विकतात. तो स्वस्त असतो, पण हलका नसतो, आणि माझा तो आवडता आहे. जावा बेटावर तेगळच्या बाजूला मातीच्या किटलीत मोगऱ्याचा चहा करून खडीसाखरेवर ओततात. ओकिनावात तो बाटलीबंद, थंडगार मिळतो.

आपल्या बाजारात अर्क फवारलेला चहाही जास्मिनच्याच नावाने येतो. पाकीट फोडताक्षणी घमघमाट सुटतो आणि पहिल्या कपातच तो संपतो. तेव्हा दुकानदाराला विचारा: मूळ चहा कोणता, पुटं किती, फुलं कोणत्या हंगामातली. उत्तर मिळालं नाही तर सगळ्यांत लहान पाकीट घ्या. घरी दूध-साखर न घालता एकदा करा आणि त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओता. दुसऱ्या कपात मोगरा नसेल तर तो चहा पुन्हा घेऊ नका.