सांडपाण्याची शाळा

मी मराठीचा एम. ए.; जंतुशास्त्रात माझी गती बेताचीच. तरी वाचावं लागलं, याला कारण शाळेमागचा नाला. वरच्या अंगाला एक इस्पितळ आहे. पावसाळ्यात आमची पोरं त्या पाण्यातून सिरिंजा वेचून पिचकाऱ्या करतात. तक्रार घेऊन गेलो तर तिथले व्यवस्थापक म्हणाले, "सर, आम्ही रोज औषध ओततो की!"

या 'ओततो की'तच सगळी मेख आहे. फरशी पुसण्याच्या काही द्रव्यांत क्वाटर्नरी अमोनियम संयुगं असतात. नाल्यात पोचेतो ती इतकी पातळ होतात की दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. काहींच्या अंगात चक्क उपसा-पंप असतो. विष आत आलं की बाहेर! वर हा चिवटपणा ते शेजाऱ्याला देतात, प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या कड्यातून. जंतुनाशकाला पुरून उरणारं जनुक आणि प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक एकाच कड्यावर असू शकतं. म्हणजे फरशीच्या औषधातून वाचलेला जंतू इंजेक्शनलाही जुमानेल असं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत कॉपीचा असा प्रसार मी पाहिला नाही.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत 'एनडीएम-१' हे जनुक सापडलं. कार्बापेनेमसारखी राखीव औषधं ते निकामी करतं. नावात नवी दिल्ली आली म्हणून आपल्याकडे केवढी ओरड झाली! ती नावाबद्दल, पाण्याबद्दल कमीच.

२०१६चे नियम स्पष्ट आहेत. सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंजा लाल पिशवीत, आणि द्रव कचरा निर्जंतुक केल्याखेरीज सांडपाण्यात सोडायचा नाही. लाल पिशवीतली ती सिरिंज आमच्या सातवीच्या वर्गात येते.

गेल्या श्रावणात आठवीतल्या एका मुलीचा पाय नाल्यात कापला. जखम चिघळली. पहिली दोन औषधं लागू पडली नाहीत, तिसरं शिरेतून द्यावं लागलं. एकवीस दिवस बाक रिकामा. जंतू नाल्यातलाच होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वडील गवंडी, त्यांनी म्हैस विकली, एवढं खरं.

तालुक्याच्या कचेरीत मी मराठीतून अर्ज दिला. कन्नडमधून आणा, म्हणून तो परत आला. आमच्या कन्नडच्या बाईंनी बसल्या बैठकीला लिहून दिला, माझ्यापेक्षा कडक. पोच मिळाली आहे.