रद्दीत गेलेले आकाश

काही अपराध असे असतात, की ते करीत असता आम्ही मोठे कर्तव्यच बजावीत आहोत असे आम्हांला वाटत असते. असा एक अपराध नाशिकरोडच्या आमच्या घरी घडला. कन्या दहावीत होती. परीक्षा तोंडावर आली असताना तिच्या उशीखाली तीन इंग्रजी कादंबऱ्या सापडल्या. मुखपृष्ठांवर अग्निबाण आणि परके सूर्य. "अंतराळातल्या मारामाऱ्या मुलींनी कशाला वाचायच्या?" असे म्हणून आम्ही ती पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, "पप्पा, त्यातलं एक बाईनं लिहिलंय." नाव होते आंद्रे नॉर्टन. आम्ही हसलो. त्यानंतर तिने कोणतेही पुस्तक आम्हांला दाखविले नाही.

पुढे ती परदेशी स्थायिक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला भरले. अध्यक्ष होते विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर, प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. ही वार्ता आम्ही फोनवर कौतुकाने सांगितली, तेव्हा कन्या म्हणाली, "म्हणजे आता तुमच्या नाशिकला अंतराळ चालतं तर!" त्या रात्री आम्ही तिच्याकडे पुस्तकांची यादी मागितली.

प्रथम आमचे हसूच खोटे ठरले. आंद्रे नॉर्टन म्हणजे अ‍ॅलिस मेरी नॉर्टन. मुलांसाठी साहसकथा लिहावयाच्या, तर बाईचे नाव अडचणीचे, म्हणून त्यांनी १९३४ साली कायद्यानेच नाव बदलले. सी. जे. चेरी ह्यांनी आद्याक्षरांआड कॅरोलिन हे नाव झाकले. नारळीकरांनीही १९७४ साली आपली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठविली होती. त्यांना आपली कीर्ती लपवावयाची होती. ह्या भगिनींना आपले स्त्रीत्व लपवावे लागले.

ह्या वाङ्मयप्रकाराचे नावही थट्टेतूनच जन्मले. साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओवरील रडक्या मालिकांना अमेरिकेत 'सोप ऑपेरा' म्हणत. त्यावरून विल्सन टकर ह्या लेखकाने १९४१ साली रटाळ अंतराळकथांना 'स्पेस ऑपेरा' म्हणून हिणविले. आम्हीही तेच केले होते, फक्त तराजू घेऊन.

वाचावयास बसलो, तेव्हा मारामाऱ्या थोड्या आणि माणसे फार भेटली. चेरी ह्यांच्या 'डाउनबिलो स्टेशन' (१९८१) मध्ये युद्धातून पळालेल्या निर्वासितांनी खच्चून भरलेली जहाजे एका अंतराळस्थानकाला येऊन लागतात. ह्यांना ठेवावयाचे कोठे आणि पोसावयाचे कोणी, हा तेथला प्रश्न आहे. उर्सुला ले ग्विन ह्यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) मध्ये एक परका राजदूत आणि एक स्थानिक गृहस्थ घसरगाडी ओढीत बर्फाचे वाळवंट ओलांडतात. ज्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तोच शेवटी प्राण वाचवितो.

लोइस मॅकमास्टर बुजोल्ड ह्यांची 'द माउंटन्स ऑफ मोर्निंग' (१९८९) ही लघुकादंबरी आम्ही दोनदा वाचली. दूरच्या ग्रहावरील डोंगरी खेड्यात, ओठ दुभंगलेले म्हणून एक तान्हे मूल मारले जाते. न्याय करण्यास येतो तो माइल्स नावाचा तरुण, स्वतः ठेंगणा आणि ठिसूळ हाडांचा. ज्यांच्या मते त्यानेही जगावयास नको होते, त्यांच्याच पुढे तो उभा राहतो. मुलगी झाली म्हणून तोंड फिरविणाऱ्या आमच्या समाजाला हा ग्रह फार दूरचा वाटू नये.

आणि मेरी डोरिया रसेल ह्यांची 'द स्पॅरो' (१९९६). परग्रहावरून गाणे ऐकू येते. सरकारे चर्चा करीत बसतात आणि येशूसंघीय निघतातही. परत येतो तो एकटा फादर एमिलिओ सँडोझ, देहाने आणि श्रद्धेने मोडलेला. शुभवर्तमानात पित्याच्या नकळत चिमणीही भुईवर पडत नाही. पण ती पडते, हेही खरेच. ह्या वेदनेला लेखिका सोपे उत्तर देत नाही. उपवासकाळात आम्ही हे पुस्तक वाचले आणि पुष्कळदा मिटून ठेवले. त्यातील अत्याचार भीषण आहेत. ते प्रौढांनीच वाचावे. मुलांना मात्र नॉर्टन निःशंक द्यावी. मराठीतून आरंभ करावयाचा असल्यास नारळीकर आणि शुभदा गोगटे आहेतच.

२० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्या दिवशी कन्येने आपण होऊन फोन केला आणि आम्ही तासभर पुस्तकांवर बोललो. इतकी वर्षे आम्ही तिची प्रकृती विचारीत होतो, पगार विचारीत होतो. तिच्या मनात कोणते आकाश आहे, हे कधी विचारलेच नव्हते.

नाताळला ती घरी आली, तेव्हा आम्ही तिच्या हाती नॉर्टनची एक जुनी प्रत ठेवली. परदेशातून मागविलेली ती प्रत तिने उलटून पाहिली, आत राहिलेल्या चिठ्ठीवरची किंमत वाचली.

"रद्दीच्या भावात दिलेलं," ती हसून म्हणाली, "फार महाग पडलं की, पप्पा!"