निवड समिती बसण्याआधीच

भारताच्या आइस हॉकी संघाची यादी हाती आली की पूर्वी मी आधी नावं वाचायचो आणि लगेच चिडायचो. डोलमा, आंगमो, नामग्याल, पुन्हा डोलमा. जवळजवळ सगळा संघ लडाखचा, फार तर एखाद-दुसरं नाव हिमाचलातल्या स्पितीचं. मी पुण्यात सिमेंटच्या रिंकवर मुलांना चाकांवरचं हॉकी शिकवतो. स्केटिंगमध्ये आमची मुलं कुणाला हार जात नाहीत, मग या यादीत ती का नसावीत? राष्ट्रीय संघात राज्यवार जागा राखा, एकच खुली ट्रायल घ्या, गुण द्या आणि गुणानुक्रमे संघ करा, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. आज यातली खुली ट्रायल तेवढी मला मान्य आहे, तीही अपुरी म्हणून. बाकीचं मत का सुटलं, ते सांगतो.

निवड समितीवर संशय घेणं पुणेकराला शिकवावं लागत नाही. 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारतानं मैदानी हॉकीचं सुवर्ण जिंकलं, 1966 नंतर प्रथमच. त्यानंतर थोड्याच काळात धनराजसह अनेकांना संघातून वगळण्यात आलं. जिंकून आलेल्याला घरी बसवतात हे ज्यांनी पाहिलं, त्यांना कुठलीही यादी सरळ वाटत नाही. माझंही तसंच होतं.

शिवाय आइस हॉकीत एक विसंगती मला खुपायची. स्पर्धेसाठी देश निवडताना चोख हिशेब असतो. ऑलिम्पिकला पुरुषांचे 12 संघ. यजमानाला जागा, मग जागतिक क्रमवारीतले वरचे देश, उरलेल्या जागा पात्रता स्पर्धेतून. 2026 च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकसाठी स्लोव्हाकिया, लाटव्हिया आणि डेन्मार्क असेच पात्र ठरले. जागतिक अजिंक्यपदाच्या वरच्या गटात 16 देश, तळाचे दोन खालच्या गटात जातात. देशाला आकडे लावता, मग खेळाडूला का नाही, हा माझा सवाल होता.

त्याचं उत्तर मला या खेळाच्या इतिहासात मिळालं. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकसाठी अमेरिकेचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी हौशी, बहुतेक कॉलेजात खेळलेल्या मुलांमधून 20 जणांचा संघ केला. निवडीच्या वेळी त्यांनी मुलांना शेकडो प्रश्नांची मानसशास्त्रीय चाचणीही दिली होती. त्या संघानं बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवलं आणि सुवर्ण नेलं. हेच ब्रुक्स 1960 च्या संघातून अगदी शेवटच्या क्षणी वगळले गेले होते, आणि त्या संघानंही सुवर्णच जिंकलं होतं. उलट 2006 मध्ये कॅनडानं 18 वर्षांच्या सिडनी क्रॉस्बीला बाहेर ठेवलं आणि संघ सातवा आला. चार वर्षांनी व्हँकुव्हरच्या अंतिम सामन्यात विजयी गोल क्रॉस्बीनंच मारला. निवडणाऱ्याची नजर पारख करते, तशी चुकतेही. पण तिची जागा गुणपत्रक घेऊ शकत नाही, कारण इथे एकेकटे खेळाडू निवडून भागत नाही, लाइन बांधाव्या लागतात. गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर, मिनिटभराच्या आत दमून बाहेर, लगेच पुढचे पाच आत. कोण कुणाबरोबर खेळतो आणि एक खेळाडू कमी असताना कोण गोल वाचवतो, हे एका सकाळच्या ट्रायलमध्ये कळत नाही.

राज्यवार जागांचा आग्रह सुटला तो आमच्या मुलांना बर्फावर पाहून. सरळ रेषेत ती सुसाट होती. वळताना आणि थांबताना मात्र सगळं बिघडलं. चाक जमीन धरतं, ब्लेड घसरतं. ब्लेडला दोन धारा असतात आणि सगळा खेळ कुठल्या धारेवर किती वजन टाकायचं यावर चालतो. आडवं होऊन बर्फ उडवत थांबणं, मागे सरकत बचाव करणं ही अंगवळणी पडायची गोष्ट, समजावून सांगायची नव्हे. त्यात चाकांवरच्या, म्हणजे इनलाइन हॉकीत ऑफसाइड नाही. बर्फावर पक, म्हणजे खेळातली चकती, निळ्या रेषेच्या आत जाण्याआधी तुम्ही आत गेलात की खेळ थांबला. अशा मुलाला राज्याच्या जागेवर संघात घातलं असतं, तर बाकावर बसवून ठेवावं लागलं असतं, नाहीतर त्याच्या चुकांवर गोल खावे लागले असते.

लडाखच्या मुलींना तरी बर्फ कुणी आणून दिला होता? त्या गोठलेल्या तळ्यांवर शिकल्या, वर्षातले जेमतेम दोन महिने. गावोगावी रात्री मैदानात पाणी सोडून रिंक तयार करतात. भारत 1989 साली आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला, पण महिला संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो 2016 मध्ये तैपेईला, तोही लोकवर्गणीच्या आधारावर. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सवर पहिला विजय मिळाला, 2025 मध्ये अल ऐनला आशिया चषकाचं कांस्य. दरम्यान देहरादूनला 2011 मध्ये बांधलेला बंदिस्त रिंक वर्षानुवर्षं कुलूपबंद होता. तो 2025 मध्ये पुन्हा उघडला.

म्हणून आता मला वाटतं, निवड समिती बसण्याआधीच निवड झालेली असते. ज्याला आइस टाइम, म्हणजे बर्फावर सरावाचा वेळ मिळाला तो ट्रायलपर्यंत पोहोचतो. खडकीनं धनराज दिला, विक्रम पिल्ले दिला, कारण तिथे दाराशी मैदान होतं आणि गल्लीत स्टिक होती. मी धनराजची गोष्ट नेहमी वगळण्यापासून सुरू करत असे, त्या मैदानापासून कधीच नाही.

याचा अर्थ निवड करणाऱ्यांना मोकळं रान द्यावं असा नाही. निकष आधी जाहीर व्हावेत, खुल्या ट्रायलवर न थांबता पुढे लांब कॅम्प व्हावा, नातलग खेळत असेल तर निवड करणाऱ्यानं बाजूला बसावं, वगळलेल्याला कारण सांगावं. हे सगळं मी आजही मागतो.

पण महाराष्ट्राकडे माझी पहिली मागणी आता वेगळी आहे. पुण्यात पूर्ण मापाचा, 60 मीटर लांबीचा बर्फाचा रिंक नाही. तो होईल तेव्हा होईल. तोवर दर हिवाळ्यात निवडक मुलामुलींना लेहला किंवा देहरादूनला महिना-दीड महिना राहायला पाठवा, त्यांच्या शाळांनी तेवढी हजेरी सोडावी. आणि पालकहो, निवड समितीत आपलं कोण आहे हे विचारू नका. आपलं मूल यंदा किती तास बर्फावर होतं, ते विचारा.